पार्किंगमधलं बेट

आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत पार्किंगच्या भिंतीवर एक निळं कुत्रं बसलेलं आहे. त्याच्यामागे जांभळा समुद्र, गुलाबी वाळू आणि मांडी घालून बसलेल्या पिवळ्याधमक बायका. हा सगळा पराक्रम दुसऱ्या मजल्यावरच्या भानुदासकाकांचा.

काका मूळचे लातूरकडचे. तळवड्याच्या एका वर्कशॉपात तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या टाक्या रंगवल्या, त्याही फक्त काळ्या. रिटायर झाले आणि रद्दीवाल्याकडे त्यांना कुणा फ्रेंच चित्रकाराचं पुस्तक सापडलं. तो फ्रेंच गडी दूरच्या बेटावर जाऊन राहिला आणि तिथली माणसं, झाडं, जनावरं त्यानं वाट्टेल त्या रंगात रंगवली. झालं! हार्डवेअरवाल्याकडचे वाळत आलेले डबे घेऊन काका भिंतीला भिडले.

"काका, कुत्रं कधी निळं असतं होय?"

"तुमी शेड बघा भाऊ, शेड!"

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शेरा ठरलेला, पास नाहीतर रिजेक्ट. माझा नवा शर्ट रिजेक्ट. चेअरमनचं भाषण तर ऐकायच्या आधीच रिजेक्ट. एकदा त्या फ्रेंच माणसाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "बायको-लेकरं टाकून गेलं की हो ते बेटावर. चित्रं पास, माणूस रिजेक्ट!"

शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, भिंत पांढरी करायची. सेक्रेटरी मी, म्हणजे वाईटपणा माझ्याच गळ्यात. दुपारी रंगाऱ्याला घेऊन खाली आलो, तर काका काकूंना पाठीवर घेऊन जिना उतरत होते. काकू अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणावर. त्यांना भिंतीसमोर खुर्चीत बसवलं, पदर सारखा केला.

"हिला समुद्र बघायचा होता," काका माझ्याकडं न बघता म्हणाले. "दरसाल म्हणायचो, औंदा जाऊ. अन् ओव्हरटाइम करत बसलो. आता हिला प्रवास झेपत न्हाई, भाऊ."

काकूंची जीभ मात्र शाबूत होती. "बाया नुसत्या बसल्यात की. कामंधामं न्हाईत का यांना?"

"न्हाईत. तू बी बस."



मग काकूंनी मलाच विचारलं, "भाऊ, तुमी कोकणातले. खरा समुद्र असाच असतोय का?"

काकांचा चेहरा उतरला. समुद्र त्यांनीही जन्मात पाहिलेला नव्हता. शेजारी रंगारी ब्रश भिजवून तयार.

"अगदी असाच, काकू," मी म्हणालो. "वाळूसुद्धा गुलाबीच." आणि रंगाऱ्याला म्हटलं, "बाबा रे, तू वर जा, गच्चीचा कठडा रंगव."