बाबांची ऊब आणि फुस्स

हेडक्लार्कनी घरच्या घरी हीट पंप बनवायचं मनावर घेतलं ते वडिलांच्या पायांमुळे. थंडी पडली की बाबांचे पाय गारठून जात. दोन-दोन मोजे चढवून ते कॉटवर मुटकुळं करून बसत आणि कुणाला काही बोलत नसत. तेच हेडक्लार्कना जास्त लागे.

"बाहेरच्या हवेतली ऊब उपसून आत आणायची," त्यांनी बायकोला समजावलं. "म्हणजे फ्रिज उलटा चालवायचा."

"तुम्हाला सुलटा तरी चालवता येतो का?"

जुना फ्रिज मागच्या अंगणात पडून होताच. दार लागत नव्हतं, पण कॉम्प्रेसर ठणठणीत. प्रश्न होता गॅसचा. हेडक्लार्क कोपऱ्यावरच्या फ्रिजवाल्याकडे गेले.

"आधी आत कुठला गॅस आहे ते बघा. मागे पट्टीवर लिहिलेलं असतं," फ्रिजवाला म्हणाला. "काही गॅस पेटत नाहीत, पण हवेत सोडले की वातावरणाची वाट लावतात. काही हवेला बरे, पण ठिणगी मिळाली की भडका. म्हणून पाइप तुम्ही कापू नका. रविवारी मी येतो, गॅस बाटलीत ओढून घेतो. आणि काम उघड्यावर करायचं, घरात नाही."

"आणि आपला स्वयंपाकाचाच गॅस भरला तर?"

फ्रिजवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, तुम्ही ऑफिसात करता काय?"

"कागद तपासतो."

"मग ती पट्टी तेवढी तपासा."

हेडक्लार्कनी मान डोलावली. (मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता.)

रविवारी दहा वाजले तरी फ्रिजवाला येईना. अंगणात वारा बोचत होता, म्हणून हेडक्लार्कनी फ्रिज ओढत स्वयंपाकघरात आणला. शेगडीवर दूध होतं, बाबा आंघोळीला गेले होते. पाइप कापायला कितीसा वेळ लागतो!

फुस्स!

"अहो, काय फुसफुसतंय?"

"काही नाही गं, जुना गॅस," असं म्हणत ते वाकले आणि त्यांना ती पट्टी दिसली. त्रिकोणात ज्वाळा. खाली ठळक अक्षरात 'ज्वलनशील'. न वाचता सही करणाऱ्यांच्या फायलींवर बावीस वर्षं लाल शेरे मारलेला हा माणूस जागच्या जागी थिजला. बायकोनं त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता शेगडी बंद केली. तेवढ्यावर निभावलं.

"पंखा लावू?"

"बटणाला हात लावू नकोस! खिडक्या उघड! बाबा, बाहेर या!"

"अरे, साबण लागलाय!"

"तसेच या!"

अर्ध्या तासानं फ्रिजवाला आला तेव्हा बाबा टॉवेल गुंडाळून, वर सुनेची शाल पांघरून शेजाऱ्यांच्या पायरीवर कुडकुडत होते. कानामागे फेस तसाच. फ्रिजवाल्यानं आत जाऊन गळती शोधायच्या यंत्रानं कोपरान् कोपरा तपासला. "गेला सगळा. नशीब थोर तुमचं," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी बाबांना सणकून ताप भरला. हेडक्लार्क पाय चेपायला बसले. ते पाय आता चटका बसेल इतके गरम होते.

"मला का नाही विचारलंस?" बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला मी. दाब, वाफ, गळती, यातच माझा जन्म गेला."

विचारायचं राहून गेलं नव्हतं, ते हेडक्लार्कांच्या मनातच आलं नव्हतं. बाबा रोज 'ड्यूटी'वर जात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ड्यूटीवर काय करतात, हे त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. पाय चेपता चेपता त्यांनी डोळे पुसले.

बाबा आठवड्यानं उठले. मग त्यांनी आणि फ्रिजवाल्यानं मिळून पंप उभा केला. मशीन ज्या गॅससाठी बनलंय तोच गॅस, काट्यावर तोलून, गळती तपासून. सगळं अंगणात. घरात आला तो फक्त गरम पाण्याचा पाइप. खोली उबदार झाली. या कामात हेडक्लार्कना स्टूल धरायला दिलं होतं.

"पुढच्या वेळी मी स्वतः करायचं म्हटलं," त्यांनी चाचरत विचारलं, "तर सगळ्यात सुरक्षित काय भरावं?"

फ्रिजवाल्यानं बाबांकडे पाहिलं.

"गरम पाणी," बाबा म्हणाले. "रबरी पिशवीत. आणि बूच सूनबाईला लावू दे."