तव्यावरचे प्लग

काशिनाथकाकांनी आमच्या भाकरीच्या तव्यावर गाडीचे स्पार्क प्लग पहिल्यांदा भाजले, तेव्हा बायकोनं मला अगदी शांतपणे विचारलं, "हे शेजारी आपण निवडलेत, की घराबरोबर आलेत?"

घराबरोबरच आले. सोलापुरात सात रस्त्यामागच्या आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत लावून एकटे राहणारे हे गृहस्थ श्रीपूरकडं डिस्टिलरीत जन्मभर फिटर होते. हयात स्पिरिटच्या वाफेत गेली, पण थेंब ओठाला लावला नाही. गरजच नव्हती म्हणा! ते सुट्टीवर आले की त्यांच्या शर्टाच्या नुसत्या वासानं गल्लीतले दोघेतिघे भिंत धरून चालायचे.

निवृत्त झाल्यावर काकांनी टर्बो गाडी घेतली आणि एका मेकॅनिककडून ती इथेनॉलवर चालेल अशी करून आणली. टर्बो म्हणजे इंजिनात हवा ठासून भरणारा पंखा, आणि इथेनॉल म्हणजे उसाचं स्पिरिट. "जनम उसावर काढला, आता उसावरच फिरनार की," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. उन्हाळ्यात ती गाडी अशी सुटायची की रस्त्यातली कुत्री भुंकायचं ठरवेपर्यंत ती मोहोळला पोचलेली असायची.

घात केला तो थंडीनं. सोलापूरची थंडी चार सकाळींची. पण आम्ही ती हिमालयात राहिल्यासारखी साजरी करतो. काकांनी माकडटोपी घातली आणि गाडीच्या बॉनेटवर सोलापुरी चादर पांघरली. तरी गाडी मिसिंग मारायची. चार पावलं जायची, आचके द्यायची, फाटकात मान टाकायची.

काका बॉनेटला स्टीलचा पेला लावून त्याला कान देत. "मदला सिलिंडर झोपलाय," असं निदान करत. मग प्लग काढून आमच्या तव्यावर गरम करत. टर्बोच्या दाबाखाली ठिणगी विझते म्हणून प्लगची फट करवतीच्या पात्यानं मोजून कमी करत. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त थंडी कितीही वाढली तरी ते टाकीत निव्वळ इथेनॉलच भरत.

"अहो, गारठ्यात त्याची वाफ होत नाही. थोडं पेट्रोल घाला," मी म्हणायचो.

"थंडीत मानसाला जास्त लागती, मग गाडीला न्हाय व्हय?" कधी न प्यालेला माणूस मलाच समजावायचा. "आन् पेट्रोल घालायचं म्हंजे भेसळ. तीस वर्सं मी भेसळ होऊ दिली न्हाय, आता सोता करू?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं; पण दर रविवारी नऊच्या आत काकांना मंगळवेढ्याला पोचायचं असे. तिथं त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहते. भाऊ आल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. गाडी अडली की म्हातारी उपाशी.

जानेवारीतल्या एका रविवारी गाडीनं हूं की चूं केलं नाही. प्लग दोनदा भाजून झाले. आमच्या भाकऱ्यांना इंजिनाचा वास लागला. साडेसात वाजले.

"एस्टीनं जा की, काका," बायको म्हणाली.

"आन् अक्काला हुरड्याला रानात कशात न्यू? पाटीत घालून?"

"मग फोन करून सांगा, जेवून घ्या म्हणावं."

"सांगितलं. 'तू ये, मग बघू' म्हनती." काका पायरीवर बसले. माकडटोपी काढून हातात घेतली. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "वैनी, तुमच्या स्कूटीत पेट्रोल हाय का?"

तीस वर्षांची प्रतिज्ञा आमच्या स्कूटीच्या नळीतून टाकीत उतरली. काकांनी तोंड फिरवलं होतं. चावी फिरवली. गाडी दोनदा कुरकुरली आणि शहाण्या मुलीसारखी चालू लागली. मला सोबत घेऊन काका निघाले.

नऊला पाच कमी असताना पोचलो. अक्का ओट्यावर बसलेली. "आलास व्हय रे? पोटात कावळं वरडाय लागलं माज्या," असं म्हणत तिनं ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही काकांपुढं ठेवलं. काका हात धुवायला परसात गेले, तेव्हा ती माझ्याकडं वाकून हळूच बोलली, "मी सातलाच खाती बाबा. गोळी घ्यावी लागती. पन उपाशी हाय म्हनल्याबिगर ह्यो यायचा न्हाय. तितं एकला काय खातो, कुनाला ठावं? त्याला सांगू नगंस."

मी मान हलवली. पुढं तासभर रानात हुरडा झाला. काकांनी दाणे चोळून चोळून तिच्या ओंजळीत घातले.

परतताना मंगळवेढा मागं पडलं. इंजिन एका सुरात चाललं होतं.

काका म्हणाले, "अक्काच्या पदराला चटनी लागलीती, पायलास? आदीच जेवून बसती. दर आयतवारी."

"मग तुम्हाला माहीत आहे?"

"चार वर्सं झाली." त्यांनी गिअर बदलला. "तिला बोलू नगंस. वाईट वाटंल."