मुळं पाहणारे काकाजी

आमच्या वलगावात कोणाच्या दारात गेलं की माणूस आधी खुशाली विचारतो. देविदासकाकाजी विचारतात, "एक उपटू का?"

घरधनी हो म्हणेपर्यंत मेथीची नाहीतर पालकाची एखादी काडी मुळासकट त्यांच्या हातात असते. मग ती पाण्यात हलकेच धुवायची, उजेडाकडे धरायची आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत राहायचं. एका लग्नात तर नवरी मांडवात यायच्या आत त्यांनी कमानीजवळच्या कुंडीतलं शेवंतीचं रोप बाहेर काढलं होतं. वरमाय ओरडली, तर म्हणाले, "बाई, याची मुळं गोल गोल फिरून राह्यली. जागाच नाई त्याले. गुदमरलं बिचारं!"

काकाजी बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर आमच्या बांधाला लागून असलेलं वावर स्वतः करू लागले. अकोल्याच्या एका कृषी प्रदर्शनात त्यांनी मातीचा अभ्यास करणाऱ्या एका मॅडमचं भाषण ऐकलं आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. अजूनही ओल्या फडक्यात मुळं गुंडाळून ते पॅसेंजरनं मॅडमना दाखवायला जातात. डब्यात कोणी विचारतं, "काय औषधी आहे, बाबाजी?"

"औषधी नाई, तूर आहे. पाहता का?"

आणि पाहावंच लागतं.

मलाही त्यांनी एकदा बांधावर बसवून शिकवलं. "नत्र म्हंजे पॅसेंजर, सूनबाई. पाण्यासंगं वाहत येते. स्फुरद म्हंजे स्टेशन. थे जागचं हालत नाई. मुळालेच त्याच्यापाशी जा लागते. त्यात आपल्या काळ्या मातीत चुना. थो स्फुरदाले धरून ठेवते. हरभऱ्याचं मूळ हुशार, आंबट रस सोडून सोडवून घेते. बाकीच्याईले बुरशी मदत करते."

"बुरशी?" मी नाक मुरडलं.

"चांगली बुरशी असते थे! छोटी लाइन म्हण ना. मूळ जिथं पोचत नाई, तिथून माल आणून देते. बदल्यात झाड तिले साखर देते."

मी "हो काकाजी" म्हणून तण निंदायला लागले. पुढच्याच वर्षी हे सगळं माझ्या गळ्याशी आलं.

त्या वर्षी मी हट्टानं घरच्यांना झेंडू लावायला लावला होता. सासऱ्यांना फुलांचं हे खूळ पसंत नव्हतं; नवरा, सुनील, माझ्या भरवशावर गप्प राहिला होता. ट्रॅक्टरनं वावर सपाट करून घेतलं, रोपं लावली. आणि ती वाढेचनात. पानं खालच्या अंगानं जांभळी पडली. दुकानदार म्हणाला, स्फुरद कमी पडतंय, डीएपी खताचं अजून एक पोतं टाका.

सुनील पोतं आणायला निघाला, तेवढ्यात काकाजी बांध ओलांडून आले. एक रोप त्यांनी उपटलं. पांढरी, आखूड, केविलवाणी मुळं.

"पोतं कावून आणता? खत आहे जमिनीत. मुळं पोचून नाई राह्यली. तुमी सपाट करताना वरची जिवंत माती खरडून टाकली अन् खालचा चुना वर आणला. बुरशी कुठून येईन?"

"मग आता?" मी विचारलं.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बांध ओलांडून परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीत घमेली भरून माती घेऊन आले. काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या वासाची. प्रत्येक रोपाच्या मुळाशी मूठमूठ घालायची, असं म्हणाले आणि स्वतःच वाकून घालू लागले. आम्ही दोघंही लागलो. मातीत बारीक पांढरे धागे होते.

त्या मातीनंच झालं की मध्ये चांगलं ऊन पडल्यानं, मला सांगता येणार नाही. पण जांभळेपणा गेला, रोपांनी अंग धरलं. दसरा हुकला, दिवाळीला मात्र वावर असं केशरी झालं की सासरे रोज संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायला आणू लागले.

फुलांचा पहिला तोडा झाला. सुनील अमरावतीच्या बाजारासाठी टेम्पो भरत होता. मी एक टोपली घेऊन काकाजींकडे गेले. ते मागच्या अंगणात होते, म्हणून घराला वळसा घालून गेले आणि थबकले. काकूजी हयात असताना तिथं त्यांचा फुलांचा पट्टा होता. आता मोगऱ्याच्या दोन झाडांखेरीज तिथं गुडघाभर खड्डा होता.

"काकाजी, ती माती इथली?"

"तिच्या हातची. कधी नांगर नाई लागला इथं. एवढी जिवंत माती माह्या अख्ख्या वावरात नाई."

"मग दिलीत कावून?"

"ठेवून का करू? फुलं लावणारी तर गेली." त्यांनी टोपलीतलं एक फूल उचललं आणि हातातच धरून ठेवलं. "बस. चहा टाकतो. सकाळपासून कोणी आलं नाई."

मी सुनीलला फोन केला. "तुम्ही अमरावतीला पुढं व्हा. मला वेळ लागेल."

चहा घेताना काकाजी खड्ड्याकडे बघत होते.

"लय रागीट होती. ड्युटीवरून आलो का ओरडे, बूट घालून माह्या मातीत येऊ नका, दबते थे." ते थोडं हसले. "म्हून त्या दिवशी चपला काढूनच खोदलं."