एड्रियाटिक खोली

त्या काळी फोन जिन्याखाली असे आणि खाली बोललेलं वरपर्यंत ऐकू येई. मात्र सगळं नाही, निम्मंशिम्मं. सासूबाई सकाळी आपल्या माडीवरच्या खोलीतून खाली यायला निघाल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्याला कुरवाळत त्या मधल्या वळणावर थांबल्या. हे दुखणं घरात कोणाला ठाऊक नव्हतं. "वर हवा छान येते" असं म्हणत त्या हल्ली दिवसातून एकदाच जिना उतरत.

सूनबाई फोनवर बोलत होती.

"आईंचंच काम आहे. बाहेरून ठीक दिसतं हो, पण वय झालंय ना. हात लावला की भुगा पडतो."

सासूबाईंनी कठडा धरला.

"ओलही धरलीये आतून. आधी सगळं खरवडून घ्यावं लागेल. हो, आर्थ्रायटिकच. खोली पूर्ण आर्थ्रायटिक करायची. आईंना आत्ता कळू देऊ नका. त्या दिवशी त्यांना एकदम खाली आणू, म्हणजे कटकट नाही."

निदान सासूबाईंच्या कानांवर तरी तो शब्द तसाच पडला. त्यांना तो चांगला माहीत होता. पलीकडच्या घरातल्या आजींच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी हाच शब्द लावला आणि आठवड्याच्या आत आजींचा पलंग खालच्या मजल्यावर, मागच्या अंधाऱ्या खोलीत आला. तेव्हापासून आजींना रस्त्यावरचं माणूस म्हणून दिसलं नव्हतं. दिसत होती ती शेजारच्या घराची भिंत.

सासूबाईंच्या खिडकीतून तर अख्खा रस्ता दिसे. कोणाची मुलगी कोणाशी किती वेळ बोलली, हे त्या मुलीच्या आईच्या आधी सासूबाईंना कळे. ती खिडकी सोडायची म्हणजे जिवंतपणी कान-डोळे गहाण टाकायचे.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि कानाने जरा मंद.

"अहो, आर्थ्रायटिक म्हणजे नेमकं काय?"

वर्तमानपत्र बाजूला ठेवताना मास्तरांचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांनी घरातल्या कोणी त्यांना काही विचारलं होतं.

"एड्रियाटिक. विशेषण आहे ते. तीन बाजूंनी कोंडलेला. वरच्या अंगाला उथळ, खाली मात्र खोल."

"वरच्या अंगाला उथळ?" सासूबाईंचा हात डोक्याकडे गेला.

"अगदी उथळ. पण ते एकटं वापरायचं नाही हं. विशेषणाला पुढे नाम लागतं. वारा, किनारा, असं काहीतरी."

"आणि पुढे खोली लावली तर?"

मास्तरांनी विचार केला. "व्याकरणाने चालेल. पण खोली त्या बाजूलाच असायला हवी."

त्या बाजूला म्हणजे मागच्या बाजूला, हे सासूबाईंना वेगळं सांगायची गरज नव्हती. नवराही कटात आहे म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला.

त्या दिवसापासून सासूबाई जिन्यावर दिसू लागल्या. वर चष्मा राहिला म्हणून वर, खाली सुई राहिली म्हणून खाली. गच्ची त्यांनी स्वतः झाडली. पाण्याची बादली सूनबाईच्या हातून घेऊन वर नेली आणि वर गरज नाही असं कळल्यावर हसतमुखाने परत आणली. रात्री दार लावून त्या गुडघ्याला तेल चोळत आणि तोंडात पदराचा बोळा धरत.

"आई, जरा बसा की," सूनबाई म्हणाली.

"बसायला काय झालंय मला? ज्यांना बसायचं त्यांनी बसावं."

सूनबाईने रात्री नवऱ्याला सांगितलं, "आईंना विशीतल्या पोरीला लाजवेल एवढा दम आहे. आपणच उगाच काळजी करतो."

सासूबाईंच्या वाढदिवसाच्या सकाळी दारात माणूस उभा राहिला. हातात डबे, खांद्यावर शिडी. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या.

"मी खालच्या मागच्या खोलीत जाणार नाही. माझे गुडघे ठणठणीत आहेत. हवं तर पळून दाखवते."

"मावशी, पळा की," रंगारी म्हणाला. "फक्त दुपारपर्यंत वर येऊ नका. रंग ओला असतो."

"कसला रंग?"

त्याने डब्यावरची चिठ्ठी वाचली. "एड्रियाटिक. निळा आहे. वहिनींनी सांगितलाय तुमच्या खोलीला. भिंतींना पोपडे आलेत म्हणे."

"समुद्र आहे तो," मागून मास्तर म्हणाले. "मी सांगितलं होतं हिला."

सासूबाई जिन्याच्या तोंडातून बाजूला झाल्या. हळूच पायरीवर बसल्या. एकदा बसल्या त्या बसल्याच. उठायला गेल्या तर गुडघा उठेना. मुलाने आणि रंगाऱ्याने मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. डॉक्टर आले, त्यांनी गुडघा दाबून पाहिला.

"किती दिवस दुखतोय?"

"आजच," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तेलाचा वास घेतला आणि मान हलवली. "आर्थ्रायटिक आहे. जिना बंद. यांना खालच्या मागच्या खोलीत ठेवा."

सूनबाई नवऱ्याकडे बघू लागली, नवरा जमिनीकडे.

"पुढेमागे जिना जमेना तर म्हणून ती खोली तुमच्यासाठीच राखून ठेवली होती, आई," सूनबाई शेवटी म्हणाली. "बाजूच्या भिंतीला रस्ता दिसेल अशी नवी खिडकीही पाडणार होतो. पण तुमचा गेल्या आठवड्यातला जोर बघितला आणि वाटलं, आईंना काही गरज नाही. परवाच शिवणाच्या वर्गाला दिली. आज यंत्रं आलीसुद्धा."

मागच्या खोलीतून चार यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

रंग वाळल्यावर सासूबाईंना खुर्चीसकट वर नेलं. खोली खरंच सुरेख झाली होती. खिडकीसमोर खुर्ची लावली, रस्ता जागच्या जागी होता. डॉक्टरांच्या हुकमाने त्यांचा जिना बंद, म्हणून बाकी सगळ्यांचा सुरू झाला. चहा वर, जेवण वर, औषध वर, शिवणातल्या बायकांची भांडणंसुद्धा निवाड्यासाठी वर.

महिनाभराने एका संध्याकाळी सूनबाई ताट घेऊन आली ती गुडघा धरूनच. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पलंगावर जागा केली. "बस. मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

सासूबाईंनी तेलाची बाटली तिच्याकडे सरकवली. दोघी निळ्या भिंतीकडे तोंड करून आपापला गुडघा चोळू लागल्या.

"कोणी आहे का?" खालून मास्तरांनी विचारलं. "आज चहा वर आहे की खाली?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"वर," सूनबाई म्हणाली.

"या हळूहळू," सासूबाई म्हणाल्या.