सासूबाईंचा फोटो

सासूबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवायला ललिताबाई मुळीच तयार नव्हत्या. जुन्या फोटोंतून गावाचा इतिहास मांडायचं वाचनालयाच्या प्रितमनं मनावर घेतलं होतं आणि आता तो दारात हटून बसला होता.

"मंग अखजीच्या सणाले नैवेद्य कोणाले दाखवू? मनातलं कोणापाशी बोलू?"

बाईंचं खरंच होतं. सासरे पुंडलिकराव होते तोवर त्यांच्यासमोर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. सासऱ्यांबद्दलची सगळी गाऱ्हाणी त्या या फोटोला सांगत, तीही पदरबिदर न घेता, मोकळेपणानं.

"दे वं," वासुदेवराव बायकोला म्हणाले. "मायचं नाव होईन गावात."

झालं! प्रितमनं मोहाडीहून पुरुषभर उंचीचा फ्लेक्सच छापून आणला: 'कै. रुखमाबाई, गावाची आदर्श माता'. समाजमंदिरासमोर वासुदेवरावांनी हार घातला, सरपंचबाईंनी खण-नारळ ठेवला, बायका रांगेनं पाया पडू लागल्या. तेवढ्यात गावातली सगळ्यात म्हातारी पंचफुला काठी टेकत आली आणि फ्लेक्स पाहून हसत सुटली. हसता हसता खालीच बसली.

"अवं, हा तं पुंडलिकभाऊ! दंडारीत राणी बने. लुगडं तेवढं रुखमाचं हाये."

पूर्वी दंडारीच्या खेळात बायकांची सोंगं पुरुषच घेत. प्रितमनं जवळ जाऊन पाहिलं. घरच्या छोट्या फोटोत कुणाला दिसलं नव्हतं, ते फ्लेक्सवर स्पष्ट दिसत होतं. नथीच्या आड मिशी काढल्याची सावली होती.

"मंग बाबानं मले सांगतलं काहून नाही?" वासुदेवरावांनी विचारलं.

"तू मायसाठी रडे, बापू. ते गेली तवा तू रांगत होता. तिचा फोटो कोणी काढलाच नव्हता, मंग त्यानं हाच दाखवला."

वासुदेवराव हसत हसत डोळे पुसू लागले. ललिताबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या.

"म्हणजे मामाजीची गाऱ्हाणी मी मामाजीलेच सांगून राहिली होती!"

"आयकत बी असन," पंचफुला म्हणाली. "बाजूच्या पडवीतच तं बसे."

आता ललिताबाईंना एकेक उलगडू लागलं. पहाटेच्या चहाबद्दल फोटोपाशी कुरकुर केली, तर दुसऱ्या दिवसापासून मामाजी स्वतःच चूल पेटवू लागले. माहेरची आठवण काढली, तर मामाजींनी न सांगता बैलगाडी जुंपली. हा सगळा सासूबाईंचा प्रताप समजून त्या आजवर हात जोडत आल्या होत्या. त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी घाईघाईनं डोक्यावर पदर ओढून घेतला आणि फ्लेक्सपुढे वाकल्या.

प्रितम ओशाळून म्हणाला, "काकी, उद्याच काढून टाकतो."

"कायले? नाव तेवढं बदलव," त्या म्हणाल्या, "बाकी 'आदर्श माता' राहू दे."