सुनावणीतलं झबलं

नागरिक आणि कार्यालय यांच्यातल्या दुराव्याचं मूळ अक्षरात असतं, हे जाणत्यांना मान्य आहे. ताठ अक्षरातली नोटीस हाती पडली की माणूस आधी दाराला कडी लावतो. आमच्या कार्यालयानं रीतसर पाहणी केली. शंभरांपैकी त्र्याऐंशी जणांना घाम फुटला, सोळा जणांनी पाणी मागितलं (ते नव्हतं), आणि उरलेला एक आमचाच कर्मचारी निघाला.

उपाय म्हणून ‘हसरं अक्षर’ आलं. पडेगावच्या सांडू पेंटरनं ते बारशाच्या पत्रिकांसाठी हातानं काढलं होतं. त्यातला ‘क’ पोट धरून हसतो, ‘ळ’ कोलांटी मारतो आणि वेलांट्या टोपड्यासारख्या कललेल्या असतात. ते संगणकात भरून सगळ्या पत्रव्यवहाराला सक्तीचं केलं. (सक्ती केल्याशिवाय आनंद शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही.) पाणी नवव्या दिवशी येईल, ही सूचना लोक हसत वाचू लागले. मयताच्या दाखल्यालासुद्धा एक टवटवी आली.

पडेगावात रस्त्याच्या रुंदीकरणात सरूबाईचं घर येत होतं. पत्र्याच्या दोन खोल्या आणि दारात शेळी (शेळी रुंदीकरणात येत नव्हती). घर पाडण्याची नोटीस मीच टाइप केली. सुनावणीत हरकत घेतली की पाडकाम थांबतं, असा नियम आहे. न घेतली तर थांबत नाही, हाही नियमच आहे.

सरूबाईला वाचता येत नाही, पण अक्षर ओळखता येतं. तिच्या नातवाच्या बारशाची पत्रिका याच अक्षरात होती. नोटीस घेऊन आलेल्या आमच्या शिपायाला, बद्रीनाथला, तिनं विचारलं, “पोरगा झाला का पोरगी?”

“मला काय ठावं? पंधरा तारखेला अकराला हापिसात या, म्हंजी कळंल.” (वाटणाऱ्यानं नोटीस वाचू नये, असा आमच्याकडं संकेत आहे.)

“येते की, बाबा. एवढ्या मानानं बोलिवलं, न येऊन कसं?”

नोटिशीला हळदकुंकू लावून तिनं ती देवांपाशी ठेवली. पंधरा तारखेला नवं लुगडं नेसून, झबलं-टोपडं घेऊन ती हजर झाली. सुनावणीला आमचे वरिष्ठ आप्पासाहेब बसले होते.

“हरकत काही?” त्यांनी विचारलं.

“हरकत कशाची, साहेब? लई आनंद झाला.”

मी नोंद केली. हजेरी: वेळेवर. हरकत: नाही. अभिप्राय: आनंद. सोबत जोडलेले कागद: झबलं, एक; टोपडं, एक. इतकी सुरळीत सुनावणी आमच्याकडं पूर्वी झाली नव्हती. जाताना तिनं मला हळूच विचारलं, “पाळणा कुठं बांधलाय?” तेव्हा मला सगळं कळलं. लाज वाटली, पण नोंदीत लाजेला रकाना नव्हता. मी पुढची फाइल काढली.

तिसऱ्या दिवशी घर पाडलं. सांडू धावत आला. “साहेब, ही अक्षरं म्या लेकरांसाठी काढली व्हती. माझी मला परत द्या.”

आप्पासाहेबांनी त्याला आपुलकीनं लेखी अर्ज द्यायला सांगितलं, अर्थात विहित अक्षरात. अर्ज वाचून सगळं कार्यालय खदखदून हसलं. अर्ज त्याच दिवशी निकाली निघाला.

हा वृत्तान्त मात्र मी मुद्दाम ताठ, गंभीर अक्षरात छापायला दिला, म्हणजे कुणी हसणार नाही. तरी तुम्ही हसलातच. त्यामुळं दोष अक्षराचा नव्हता, असा अहवाल मी वर पाठवतो आहे. साक्षीला तुमचं नाव घातलंय.

हरकत काही?