आबांच्या डब्यातला गोळा

धातू ओळखण्यात बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत माझा हात धरणारा माणूस नाही! हे मी म्हणत नाही, कारखान्याच्या वर्कशॉपातली माणसं म्हणतात. निदान मी समोर असताना तरी म्हणतात. कुठलाही तुकडा द्या. चुंबक लावीन, कानस मारीन, ग्राइंडरवर ठिणगी पाडीन आणि त्याच्या सात पिढ्या सांगीन. जळोचीत घरामागं पत्र्याची शेड टाकून घरचं वर्कशॉप थाटलंय ते काय उगाच?

एवढ्या फुशारकीनं सुरुवात केली म्हणजे पुढं माझं काय झालं असेल, ते तुम्ही ताडलंच असेल. पण प्रकरण सुतकातलं आहे. हसायचं तर तोंडाला पदर नाहीतर उपरणं लावून हसा.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आमचे आबा गेले. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. शेवटची दोन वर्षं अंगणात बाजेवर बसून दुसऱ्यांच्या शेळ्या हाकायचे, तोंडानंच. जाताना त्यांनी आईचा हात धरला, म्हणाले, "डब्यातलं त्ये... द्या..." आणि संपले. कुणाला द्या, ते राहूनच गेलं. आबा आधीच कमी बोलायचे, पण इतकं कमी कधीच बोलले नव्हते.

उशाशी पत्र्याचा डबा होता. त्यात पानाची चंची, गोधडी शिवायचा दाभण आणि लोकरीच्या चिंधीत गुंडाळलेला एक धातूचा गोळा. गोळा म्हणजे कुणीतरी वर बसलेला पेरू! पाऊण किलोचा, काळा-हिरवा, एका अंगाला खळगा, दुसऱ्या अंगाला ठोके खाऊन झिजलेला.

आई म्हणाली, "भीमा, त्येंचा शब्द हाय. ज्येचं हाय त्येला पोचल्याबिगर तेराव्याला ह्या घरात गोड शिजायचं न्हाय. आन् मी त्वांडात घास घ्यायची न्हाय."

आबा गेल्यापासून ती चतकोर भाकरी आणि कोऱ्या चहावर होती. हातातल्या बांगड्या गेल्या होत्या आणि मनगटं अशी दिसत होती, की तिकडं बघवत नव्हतं. तिची ही धमकी नव्हतीच. ती खरंच जेवली नसती.

"हात्तिच्या! त्यात काय!" मी म्हणालो. "धातू कळला की वस्तू कळली, वस्तू कळली की मालक कळला. उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो!"

"उद्या कारखान्यावर जानार हाय का?" बायकोनं, कौसल्यानं विचारलं.

"कशाला?"

"न्हाय, तितं इचारून याल म्हणून म्हणलं."

अशा बायकोला उत्तर द्यायचं नसतं. मी शेडमध्ये गेलो.

चुंबक लावला. चिकटला नाही. म्हणजे लोखंड बाद. पाण्यात सोडून तोलला. लोखंडापेक्षा भारी, शिशापेक्षा हलका. राखेनं एक कोपरा घासला, तर आतून पिवळट झाक! आता फक्त कानस मारायची, की निकाल. मी कानस उचलली आणि दारात वरकुट्याची ठमाआत्या उभी! आबांची धाकटी बहीण. दहाव्याला येऊन परत गेलेली, डब्याची बातमी ऐकून पुन्हा आलेली. आता आली होती ती पिशवी घेऊन.

"भीम्या! मुडद्या! द्यावाला कानस लावतोस?"

"कुठला देव, आत्या?"

"आमच्या बाच्या मेंढरांच्या वाड्यावरचा द्येव हाय त्यो! लोकरीत गुंडाळून कुनी काय लोखंड ठिवतं व्हय? दादाला माझ्याच घरी द्यायचा हुता. माझ्याकडंच बघत हुता मरताना!"

"मरताना तू वरकुट्याला होतीस."

"मग वरकुट्याकडं बघत हुता!"

यावर आई मध्ये पडली. देव असेल तर हत्याराचा हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. आता सुतकात घरचा देव्हारा बंद, तिथं हा पाहुणा बसवता येईना. म्हणून पडवीच्या कोनाड्यात बसवला. भंडारा लावायचा, तर आम्हा कुणाचाच हात चालेना. सुतक नसलेला माणूस पाहिजे! शेवटी शेजारच्या नारायणरावांना बोलावलं. हे हायस्कुलातले विज्ञानाचे निवृत्त मास्तर. त्यांनी गोळा हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "भीमराव, ही उल्का आहे."

"आधी भंडारा लावा," आत्या म्हणाली.

"अहो, आकाशातून पडलेला दगड आहे हा!"

"द्येव तितनंच येत्यात. लावा."

मास्तरांनी उल्केला भंडारा लावला. छत्तीस वर्षं मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणाऱ्या माणसाची बोटं पिवळीजर्द झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गर्दी. कुणी म्हणे पंचधातू, कुणी म्हणे सोनं आहे, वरून काळं फासलंय. आबांच्या दहाव्याला नदीवर एकतीस माणसं होती. गोळ्याच्या दर्शनाला दुपारपर्यंत चव्वेचाळीस झाली. मी मोजली. मेल्या माणसापेक्षा त्याच्या डब्याला तेरा माणसं जास्त! त्यातल्या प्रत्येकाला आठवत होतं, की आबा कधीतरी त्याला काहीतरी देणार होते.

आई मात्र भिंतीला टेकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायची. हाच का तो, ज्याला द्यायचं? मग तो माणूस सोन्याचं काहीतरी बोलायचा आणि ती नजर खाली घालायची. पुढ्यातल्या भाकरीच्या कडा वाळून वळल्या होत्या.

मला ते सोसेना. बाराव्याच्या दुपारी सगळी जरा आडवी झाली होती. मी कोनाड्यातून देव उचलला, लुंगीत लपवला आणि शेड गाठली. ठरवलं, फक्त नखाएवढा कपचा काढायचा. देवालाही कळणार नाही! शिकंज्यात धरला, छिन्नी लावली आणि हातोड्याचा अगदी हलका, सुनेनं सासऱ्याच्या खोलीचं दार वाजवावं तसा ठोका दिला.

देवाचे तीन तुकडे झाले!

पत्र्याची शेड. आवाज असा घुमला, की अख्खी आळी जागी. पहिली आत्या, मागं आई, मागं कौसल्या, मागं पिवळ्या बोटांचे मास्तर. त्यांच्या मागं काठी टेकत निरवांगीचे कुंडलिकतात्या. आबांचे वाड्यावरचे जोडीदार. गुडघ्यानं दहाव्याला येता आलं नव्हतं, म्हणून नेमके आत्ताच एसटीनं उतरले होते.

"द्येव फोडला! द्येव फोडला मेल्यानं!" आत्यानं छाती बडवायला सुरुवात केली.

अशा वेळी माणसानं पाय धरावेत. पण मी पडलो तज्ज्ञ! मी तुटलेला तुकडा उजेडात धरला आणि चढ्या आवाजात सुरू झालो, "गप! देव नाही हा! हे कासं आहे, कासं! काचेसारखं तडकतं. आणि हे ओतकाम बघा. भोकं भोकं पडलीत! रस थंड झाल्यावर ओतलाय. आतला गाभा एका अंगाला सरकलाय. अरे, कुठल्या गाढवानं केलं हे? ज्यानं हे ओतलं, त्याला भट्टीच्या आसपास उभं करू नये!"

"न्हाईच केलं की," मागून कुंडलिकतात्या म्हणाले. "तिसऱ्या म्हयन्यातच काढला न्हवं तुला तितनं?"

सगळ्यांची तोंडं तुकड्यावरून माझ्याकडं वळली.

"मला?"

"तुला न्हाय तर काय मला? बारामतीला वतकामाच्या कारखान्यात शिकाऊ हुतास. सासष्ट साल. पयल्यांदा सुट्टीवर आलास तवा बाला घंटा करून आनलीस, एडक्याच्या गळ्यात बांधाया. ती हीच. वाजायची न्हाय. लोलकाला हालायला जागाच न्हवती आत. समद्यांचं एडकं किनकिन करत चालायचं, आन् आबाजीचा एडका ठक, ठक. आमी हासायचो. पर त्यानं दुसरी बांधली न्हाय. अकरा वर्सं, एडका मरंस्तोवर. मेंढरं इकल्यावर त्याच घंटेनं बाजंच्या खुंट्या ठोकायचा."

मला हळूहळू आठवू लागलं. माणूस पहिला पगार विसरत नाही, पण पहिली फजिती बरोबर विसरतो. भट्टीवरून काढून मला लेथवर टाकलं होतं, आणि घरी मी ती बढती म्हणून सांगितली होती.

"पर कासं कुठनं आनलंस?" तात्यांनी सहज विचारलं.

तेवढं विचारायला नको होतं. आईनं मान वर केली. "माझी माहेरची काशाची थाळी!"

"आई, ते असं झालं..."

"अठ्ठावीस वर्सं मी म्हणत आलीया, ठमावन्संनी नेली म्हणून!"

"काय?" आत्याचं छाती बडवणं जागीच थांबलं. "अठ्ठावीस वर्सं माझ्यावर आळ? म्हणून व्हय माझ्या पोरीच्या लग्नात ताटं मोजून घेतलीस!"

मग जे झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की मास्तर उल्का विसरून कुंपणावरून घरी गेले.

सगळं निवल्यावर आईनं तात्यांना हळूच विचारलं, "मग द्यायचं कुनाला हुतं?"

"ह्यालाच की. लई येळा म्हणायचा, आता भीमा शिकला आसंल. एकदा देतो त्येच्याकडं, नीट करून घेतो."

आई माझ्याकडं बघत राहिली. त्या तीन तुकड्यांकडं आणि माझ्याकडं.

"मग दे की करून. उद्या तेरावा हाय."

मी सुतकात भट्टी पेटवली. तुकडे मुशीत टाकले, साच्याची वाळू तीनदा चाळली, गाभा चार चार वेळा मापून बसवला. घाम पुसायला कौसल्या पदर घेऊन उभी राहिली आणि एकही शब्द बोलली नाही. लग्नानंतर हे पहिल्यांदाच! रस बरोबर लाल असताना ओतला. पहाटे साचा फोडला. घंटा दिसायला अशी देखणी, की माझे मलाच डोळे भरून आले. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे, महाराज!

तेराव्याला सगळे पडवीत जमले. लोकरीच्या दोरीनं घंटा खुंटीला बांधली. तात्या म्हणाले, "वयनी, तुमीच हालवा." आईनं दोरी हलवली.

ठक.

कुणी कुणाकडं बघेना. आत्यानं तोंडात पदर कोंबला. मी घसा खाकरला आणि सांगू लागलो, "त्याचं काय आहे, कासं दुसऱ्यांदा वितळलं की त्यातलं कथिल..."

"गप," आई म्हणाली. तिनं पुन्हा दोरी हलवली. ठक. डोळे मिटले. पुन्हा हलवली. "ह्योच. माळावरनं ह्यो आवाज आला, की मी चुलीवर तवा ठिवायची. दुसरी मेंढरं कुनाची बी आसूद्यात, ह्यो आवाज आमच्याच मान्साचा."

मग ती भिंत धरून उठली आणि चुलीपाशी गेली. "लापशी वाढ गं कौसल्या," असं म्हणून तेरा दिवसांनी पहिला धड घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसलो.

दुसरा घास घेताना तिची नजर माझ्यावर पडली. मी घंटेखाली उभा राहून आत बोट घालून बघत होतो, लोलक कुठं अडतोय ते.

"भीमा," आई ओरडली, "हात लावू नगंस तिला! वाजंल एखाद्या येळी!"